इंडी गेम, क्रॅक आणि किंमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमिंगच्या कुठल्याही ग्रुपवर कुणी "हा क्रॅक झाला का रे?" (म्हणजे चोरी रोखणारं कुलूप फोडून फुकटची प्रत आली का) असं विचारलं की पुढचं भांडण ठरलेलं असतं. निम्मे लोक त्याला चोर म्हणतात, निम्मे गुपचूप लिंक मागतात. खालचे प्रश्न अशाच भांडणांत पुन्हा पुन्हा येणारे आहेत. मोठ्या कंपन्यांचे चार-पाच हजारांचे गेम इथे फारसे नाहीत. एकट्या माणसाने किंवा पाच-दहा जणांनी मिळून केलेल्या गेमचं चोरीचं गणित वेगळं असतं आणि किमतीचंही, म्हणून त्यांच्यापुरतंच बोलू.

इंडी गेम नक्की कशाला म्हणायचं?

काय करायचं आणि कितीला विकायचं हे ज्यांचं तेच ठरवतात, असा छोट्या टीमचा गेम. रेषा धूसर आहे. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाने केला, 'हॉलो नाइट' ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या मूठभर लोकांनी केला आणि 'राजी : अॅन एन्शंट एपिक' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. बाहेरून पैसा किंवा प्रकाशक घेतला म्हणून इंडीपण जातं का, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

एवढासा गेम, त्याला पाचशे रुपये कशाचे?

आधी त्या पाचशेचं काय होतं ते बघू. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात भारतात दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो काढला की उरतात सुमारे ४२४ रुपये. त्यातले ३० टक्के स्टीमचे. डेव्हलपरच्या नावावर पडतात साधारण २९७ रुपये, आणि प्रकाशक असेल तर त्याचा वाटा अजून जायचाच आहे. संगीत बाहेरून करून घेतलं असेल तर ते पैसे, परत केलेल्या प्रती, शेवटी प्राप्तिकर. स्टीम आपला हिस्सा कमी करतं, पण केव्हा? गेमने एक कोटी डॉलर कमावले की २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे सवलत त्यालाच, ज्याला तिची गरज संपली आहे. एपिकचं दुकान जून २०२५ पासून गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही, त्यापुढे १२ टक्के. इच.आयओ या इंडी गेमच्या साइटवर किती टक्के द्यायचे ते विकणाराच ठरवतो, पण तिथे गिऱ्हाईकही तितकंच तुरळक.

दुसरी बाजू वेळेची. 'स्टारड्यू व्हॅली'वर एरिक बॅरोन साधारण साडेचार वर्षं एकटा बसला होता. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, संवाद, सगळं त्याचंच. त्या काळात तो सिअॅटलच्या एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आला तो १४.९९ डॉलरला, आणि इतकी वर्षं फुकट अपडेट देऊनही त्याने ती किंमत वाढवलेली नाही. २०२४ संपेपर्यंत चार कोटींहून जास्त प्रती गेल्या. पण हे उदाहरण देऊन "बघा, स्वस्त ठेवलं की खपतं" म्हणणारे विसरतात की साडेचार वर्षं बिनपगारी बसलेल्या बाकीच्यांची नावं आपल्याला माहीतही नसतात.

"तीन तासांत संपतो, मग इतके पैसे का?" हाही ठेवणीतला प्रश्न. तासाला किती रुपये पडले असा हिशोब मला कधीच पटला नाही. तो लावला तर रोज तीच शिकार करायला लावणारा कंटाळवाणा गेम सगळ्यात किफायतशीर ठरतो.

किमतीवरून कुरकुर ही भारतीय सवय आहे का?

अजिबात नाही. २००८ मध्ये जोनाथन ब्लो याचा 'ब्रेड' एक्सबॉक्सवर १५ डॉलरला आला तेव्हा अमेरिकेतच ओरड झाली होती. असल्या छोट्या गेमला दहा डॉलर पुरे, असं लोकांचं म्हणणं. त्याने स्वतःच्या खिशातले दोन लाख डॉलरच्या आसपास त्यात घातले होते.

आता उलटी तऱ्हा बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' फक्त १९.९९ डॉलरला आला. पहिल्या भागाच्या दीड कोटी प्रती खपलेल्या, त्यामुळे तो करणाऱ्या टीम चेरीला ते परवडलं. खेळाडू खूश, आणि कित्येक छोटे स्टुडिओ चिंतेत, कारण आता प्रत्येक जण म्हणणार, "सिल्कसाँग वीसला आहे, तुझा पंचवीसला कसा?"

स्टीमवर काही गेम भारतात अमेरिकेपेक्षा बरेच स्वस्त दिसतात, काही मात्र सरळ डॉलरच्या भावात. हे कोण ठरवतं?

डेव्हलपर किंवा प्रकाशक. स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह प्रत्येक देशासाठी किमती सुचवते, बंधन घालत नाही. रुपयांत किमती दिसू लागल्या त्या नोव्हेंबर २०१५ पासून. त्याआधी डॉलरचा आकडा आणि परदेशी व्यवहार चालणारं कार्ड, हे दोन्ही आडवे यायचे. महाविद्यालयातल्या मुलाकडे असं कार्ड कुठून असणार?

देशागणिक किमतीला एक दुखणं आहे. स्वस्त देशाचा पत्ता दाखवून दुसऱ्या देशातले लोक तिथून खरेदी करतात. अर्जेंटिना आणि तुर्कीत हे वर्षानुवर्षं चाललं. २० नोव्हेंबर २०२३ पासून या दोन्ही देशांत स्टीमवर स्थानिक चलन बंद होऊन डॉलर आला. अधिकृत कारण चलनाच्या सततच्या चढउताराचं होतं, पण व्हीपीएन (आपण कुठल्या देशात आहोत ते लपवायची सोय) लावून तिथून घेणाऱ्यांनी तिथल्या किमतींची वाट लावली होती, हेही तितकंच खरं. फटका बसला तो तिथल्या सामान्य खेळाडूला. कित्येक गेम एका रात्रीत कैक पट महागले. तेव्हा व्हीपीएनचा सल्ला देणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

"नव्वद टक्के लोक चोरून खेळतात" हा आकडा खरा आहे का?

आकडे खरे आहेत, पण ते मोजले कसे हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात गाजलेला आकडा 'वर्ल्ड ऑफ गू'चा. टू-डी बॉय या दोन जणांच्या स्टुडिओने २००८ मध्ये तो कुठलंही कुलूप, म्हणजे डीआरएम, न लावता विकला. ऑनलाइन स्कोअरबोर्डवर किती वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून) लोक आले ते मोजून त्यांनी सांगितलं की ९० टक्के प्रती चोरीच्या. लोकांनी शंका काढल्या. एकाच माणसाचा आयपी पत्ता बदलतो, एकच प्रत दोन कॉम्प्युटरवर असते. त्यांनी पुन्हा हिशोब केला, तो ८२ टक्क्यांवर आला. तरीही प्रचंडच.

एप्रिल २०१३ मध्ये 'गेम डेव्ह टायकून' करणाऱ्या ग्रीनहार्ट गेम्सच्या दोघा भावांनी विक्री सुरू केली त्याच दिवशी आपल्याच गेमची एक 'क्रॅक' प्रत स्वतःच टोरेंटवर, म्हणजे लोक आपसांत फुकट फाइली वाटतात तिथे, सोडली. दिवसअखेर २१४ खऱ्या प्रती आणि ३,१०४ चोरीच्या. ९३.६ टक्के. हा आकडा जगभर फिरला. पण ज्या गेमचं नावही आदल्या दिवशी फारसं कुणाला माहीत नव्हतं, त्याचा चालू टोरेंट पहिल्याच दिवशी तयार मिळाला तर दुसरं काय होणार?

'मॉन्युमेंट व्हॅली'च्या कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये सांगितलं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी फक्त ५ टक्के पैसे देऊन घेतलेले आहेत, आयफोन-आयपॅडवर ४० टक्के. लोकांनी लगेच ९५ टक्के चोर धरले. कंपनीला सांगावं लागलं की फोन आणि टॅबलेट अशा दोन्हींवर टाकलेली एकच विकतची प्रतही त्यात दोनदा मोजली जाते.

म्हणजे प्रत्येक चोरीची प्रत ही बुडालेली विक्री?

नाही. या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. 'किती जणांनी चोरला' हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायचं ते असं की त्यातल्या किती जणांनी पैसे दिले असते, आणि किती दिले असते.

याचं सगळ्यात चांगलं उत्तर २००८ मधलं आहे. रिफ्लेक्झिव्ह नावाच्या छोट्या कंपनीच्या 'रिकोशे इन्फिनिटी'ची ९२ टक्के चोरी होत होती. त्यांनी क्रॅक चालण्याच्या वाटा एकेक करून बुजवल्या आणि प्रत्येक वेळी विक्रीवर काय फरक पडला ते नोंदवलं. हिशोब निघाला तो असा, की चोरीची हजार डाउनलोड थांबवली तेव्हा एक प्रत जास्त विकली गेली. हजाराला एक! हा एका कंपनीचा, एका काळातला अनुभव आहे. पण नव्वद टक्क्यांचा आकडा ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी हाही आकडा शेजारी लिहून ठेवावा.

युरोपीय आयोगाने तीन लाख साठ हजार युरो खर्चून याच विषयावर अभ्यास करून घेतला. २०१५ मध्ये तो पूर्ण झाला आणि बासनात राहिला. २०१७ मध्ये युरोपीय संसदेच्या सदस्य युलिया रेडा यांनी माहितीच्या अधिकारात मागितल्यावर बाहेर आला. नव्या गाजलेल्या चित्रपटांचं पायरसीने नुकसान होतं, पण गेमच्या बाबतीत उलट खरेदी वाढते, असा त्यातला अंदाज. मात्र चुकीची शक्यता इतकी मोठी दिलेली होती की त्यावरून "पायरसी ही जाहिरात आहे" असा झेंडा नाचवणं हा आततायीपणा आहे.

समोरच्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. डेनुवो हे महागडं कुलूप लावलेल्या गेमचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास उत्पन्न जातं, आणि बारा आठवड्यांनंतर फुटलं तर जवळपास काहीच नाही, असा निष्कर्ष होता. म्हणजे नुकसान होतं, आणि ते सुरुवातीच्या दिवसांतच. पण हे गेम मोठ्या कंपन्यांचे, जाहिरातीवर कोट्यवधी खर्च केलेले. ज्याचं नाव कुणी ऐकलेलंच नाही अशा गेमला पहिल्या आठवड्यात गमवायला गिऱ्हाईक असतं कुठे?

किंमत एक पैसा केली तर तरी चोरी थांबेल?

करून बघितलंय. ऑक्टोबर २००९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू'च्या पहिल्या वाढदिवसाला टू-डी बॉयने सांगितलं, वाटेल ते द्या. साधारण ५७ हजार लोकांनी घेतला. सरासरी दोन डॉलरच्या आसपास पडली. सगळ्यात जास्त लोकांनी, जवळपास १७ हजारांनी, दिला एक सेंट! तो पेपॅलच्या शुल्कातच गेला, बनवणाऱ्याच्या हाती शून्य. तरी एकूण ही विक्री त्यांना फायद्याचीच पडली, आणि त्या दिवसांत नाव गाजल्यामुळे स्टीमवरही पूर्ण किमतीची विक्री वाढली.

मे २०१० मध्ये पहिला हंबल इंडी बंडल आला. पाच गेम (मागाहून सहावा), वाटेल ती किंमत, त्यातला हवा तितका भाग धर्मादाय संस्थांना. सुमारे १ लाख ३८ हजार लोकांनी मिळून १२ लाख ७० हजार डॉलर दिले. लिनक्सवाल्यांनी विंडोजवाल्यांपेक्षा सरासरी बरेच जास्त दिले, ज्यावर लिनक्सवाले आजही कॉलर ताठ करतात. पण विकणाऱ्या वुल्फायरचाच अंदाज असा की एक सेंट देऊनही मिळत असताना सुमारे २५ टक्के डाउनलोड फुकटातली होती.

त्यातले सगळे नग नव्हते. एक सेंट द्यायलाही ऑनलाइन पैसे भरायची सोय लागते, आणि २०१० मध्ये जगातल्या निम्म्या पोरांकडे ती नव्हती. पण काही नग होतेच, आणि त्यांच्यासाठी कुठलीच किंमत पुरेशी कमी नसते. त्यांना गिऱ्हाईक धरून किंमत ठरवणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

मग छोटे डेव्हलपर कुलूप का लावत नाहीत?

खर्च परवडत नाही, आणि त्रास पैसे देणाऱ्यालाच होतो. इंटरनेट गेलं की विकत घेतलेला गेम उघडत नाही, चोरीचा मात्र झकास चालतो, यासारखी जाहिरात चोरीची दुसरी नाही. २००८ मध्ये क्लिफ हॅरिस या ब्रिटिश डेव्हलपरने चोरणाऱ्यांनाच विचारलं, की बाबांनो, माझे गेम का चोरता? उत्तरांचा पाऊस पडला. किंमत जास्त, डेमो तोकडा, डीआरएमचा वैताग. त्याने ते मनावर घेतलं, डीआरएम काढून टाकलं, डेमो मोठे केले आणि काही गेमच्या किमती उतरवल्या. पोलंडच्या जीओजी या दुकानाने तर २००८ पासून 'कुलूप नाही' हाच धंदा केला आहे.

काही जण कुलपाऐवजी खोडी काढतात. क्रोएशियाच्या क्रोटीमने 'सीरियस सॅम ३'च्या चोरीच्या प्रतीत एक गुलाबी विंचू सोडला होता, जो कितीही गोळ्या घाला, मरत नाही आणि पाठ सोडत नाही. मघाच्या 'गेम डेव्ह टायकून'मध्ये तर कहर होता. गेम आहे गेम-कंपनी चालवण्याचा. चोरीच्या प्रतीत काही वर्षांनी निरोप येतो की लोक आपले गेम फुकट उतरवून घेताहेत, आणि कंपनी दिवाळखोरीत जाते. मग चोरून खेळणारेच ऑनलाइन विचारू लागले, की इथे संशोधन करून डीआरएम लावता येतं का? अशी फजिती कुणी ठरवूनही घडवू शकणार नाही.

काही डेव्हलपर म्हणतात "परवडत नसेल तर चोरा". मग चोरायला काय हरकत?

ज्याने म्हटलं त्याचा गेम, त्याची मर्जी. 'हॉटलाइन मायामी' २०१२ मध्ये टोरेंटवर गेला तेव्हा त्याचा एक निर्माता योनातन सोडरस्ट्रॉम स्वतः तिथे जाऊन चोरीची प्रत नीट चालावी म्हणून मदत करत होता. 'अल्ट्राकिल' हा गेम करणारा हकिता म्हणतो की जमत असेल तर इंडींना पैसे द्या, पण संस्कृती फक्त पैसेवाल्यांपुरती राहू नये. पोलंडच्या अॅसिड विझार्डने २०१७ मध्ये 'डार्कवूड' स्वतःच टोरेंटवर टाकला. त्यामागचं कारण पुढच्या प्रश्नात येतंय.

पण 'ब्रेड'वाल्या जोनाथन ब्लोचा 'द विटनेस' २०१६ मध्ये एका टोरेंट साइटवर पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा त्याने कडवटपणे लिहिलं होतं की याने पुढचा गेम करायला पैसे मिळणार नाहीत. एकाच्या औदार्याची पावती दुसऱ्याच्या दुकानात चालत नाही.

स्वस्त 'की' (गेम आपल्या खात्यात उघडणारा कोड) विकणाऱ्या साइटवरून घेतलं तर निदान चोरी तर नाही ना?

बहुतेकांना इथेच धक्का बसतो. कित्येक छोटे डेव्हलपर स्पष्ट सांगतात की तिथून घेण्यापेक्षा टोरेंटवरून घ्या. 'नो मोअर रोबॉट्स' या प्रकाशकाच्या माइक रोज यांनी २०१९ मध्ये जीटूए या साइटचं नाव घेऊन हेच जाहीरपणे म्हटलं, आणि इतर स्टुडिओंनी री ओढली.

कारण समजून घ्या. कुणीतरी चोरलेल्या क्रेडिट कार्डवर डेव्हलपरच्याच दुकानातून पन्नास की विकत घेतो. त्या की बाजारात निम्म्या भावाने विकतो. महिन्याभरात कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, व्यवहार उलटतो, डेव्हलपरला मिळालेले पैसे परत जातात. वर बँक दर व्यवहारामागे दंड लावते. टोरेंटवाल्याने डेव्हलपरला शून्य दिलं, इथे डेव्हलपरच्या खिशातून गेले. आणि तुम्ही तर पैसे मोजलेतच, फक्त ते भामट्याला पोचले. शिवाय "मी एक लाख सबस्क्रायबरवाला यूट्यूबर आहे, परीक्षणासाठी की द्या" अशा थापा मारून मिळवलेल्या की याच बाजारात येतात. 'डार्कवूड'वाले अशाच मेलना वैतागले होते.

२०१६ मध्ये टायनीबिल्ड या प्रकाशकाने सांगितलं की आपल्या गेमच्या साडेचार लाख डॉलर किमतीच्या की जीटूएवर गेल्या आणि आपल्याला छदामही मिळाला नाही. साइटने तो दावा मान्य केला नाही. पण 'फॅक्टोरिओ'च्या वुब सॉफ्टवेअरने प्रकरण तडीला नेलं. त्यांच्या १९८ चोरीच्या की तिथे विकल्या गेल्याचं निघालं आणि २०२० मध्ये जीटूएने ३९,६०० डॉलर भरले. नुकसानीच्या दहापट देऊ, असं साइटनेच आधी जाहीर केलं होतं.

सगळ्याच की चोरीच्या नसतात हे मान्य. हंबल किंवा फॅनॅटिकल यांसारखी दुकानं थेट प्रकाशकाकडून की घेतात, तिथे बिनघोर घ्या. ओळखायची खूण सोपी आहे. विकणारा दुकान स्वतः आहे की 'अमुक सेलर, रेटिंग ९७ टक्के' असं काही दिसतंय?

नुसती फाइल कॉपी झाली, डेव्हलपरचा खर्च काय झाला?

बहुतेक वेळा काहीच नाही. पण 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'ची गोष्ट ऐका. २०११ मध्ये या गेमची एक चोरीची प्रत फिरली, जी अपडेट मात्र डेव्हलपरच्याच सर्व्हरवरून ओढायची. क्लाउडचं बिल डेव्हलपरच्या नावावर. त्यांनी वैतागून डाउनलोडच काही काळ बंद केलं, आणि पैसे दिलेले लोकही अडकले. त्यांची चोरीबद्दल तक्रार नव्हती, बिलाबद्दल होती.

भारतात कायदा काय म्हणतो?

गेम हा कायद्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर प्रोग्रॅम. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ बी प्रमाणे प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरलेली नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ ए प्रमाणे, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणं हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. पोलिसांच्या धाडी पडतात त्या विकणाऱ्यांवर. म्हणून बाकीच्यांचं कायदेशीर होत नाही, एवढंच.

आपण सगळेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या चोरीच्या सीडींवर वाढलो. आता एकदम सोवळं कशाला?

खरंय. सायबर कॅफेतला काउंटर-स्ट्राइक, शेजारच्या दादाकडून आणलेला व्हाइस सिटी, सीडीवर मार्करने लिहिलेलं नाव. मूळ खोकं दुकानात मिळतच नव्हतं, मिळालं तर बाबांच्या पगाराकडे बघून मागायची छाती नव्हती. ते विकत घेणारं गिऱ्हाईक नव्हतंच, तेव्हा नुकसान झालं म्हणणं अवघड.

पण तेव्हाची अडचण आता तशीच आहे का, हे बघावं. व्हॉल्व्हचे गेब न्यूएल २०११ मध्ये म्हणाले होते की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नसून सेवेचा प्रश्न असतो. त्यांनी रशियाचं उदाहरण दिलं होतं. चोरीला वाहिलेला बाजार म्हणून हिणवलेल्या त्या देशात सेवा नीट दिल्यावर लोक पैसे देऊ लागले. भारतालाही ते लागू आहे, अर्धंच. यूपीआयने पैसे भरता येतात, किमती रुपयांत आहेत, दर सेलला दीड-दोनशेत चांगले इंडी गेम येतात. पण जो स्टुडिओ भारताची किंमत नुसती डॉलरला गुणून लावतो, त्याच्यापुरता प्रश्न किमतीचाच राहतो. आपल्याकडे न्यूएल यांचं वाक्य सुविचारासारखं फेकणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांना परवडतं.

सेलची वाट बघणं म्हणजे डेव्हलपरवर अन्याय का?

नाही. सेल त्यानेच लावलेला असतो. ज्यांना पटत नाही ते लावत नाहीत. 'फॅक्टोरिओ' कधीच सेलवर येत नाही. उलट २०१८ मध्ये २० चे ३० आणि जानेवारी २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन ३० चे ३५ डॉलर झाले. तरी खपतो. जेसन रोहरर या डेव्हलपरने २०१४ मध्ये लिहिलं होतं की सतत सेल लावले की पहिल्या दिवशी घेणारा, म्हणजे सगळ्यात निष्ठावान माणूस, मूर्ख ठरतो. मुद्दा बिनतोड आहे, पण तो पाळण्याइतकी पत फार थोड्यांची असते.

मी आधी क्रॅक खेळून बघतो, आवडला तर घेतो. चालेल?

किती वेळा खरंच घेतलात, ते मनाशी मोजा. जून २०१५ पासून स्टीमवर चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. बऱ्याच इंडी गेमचे डेमोही असतात. त्यामुळे हे कारण आता जुनं झालं.

मात्र त्या सवलतीचा गैरफायदा घेऊ नका. २०२१ मध्ये एमिका गेम्स या छोट्या डेव्हलपरने गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं सांगितलं. त्याचा 'समर ऑफ फिफ्टीएट' दोन तासांच्या आत संपणारा होता. लोक पूर्ण खेळायचे, चांगलं परीक्षण लिहायचे आणि पैसे परत मागायचे. चोरणाऱ्यापेक्षा मला यांची जास्त चीड येते.

मी नाशकात बसून एकट्याने गेम करतोय. किंमत किती ठेवू?

स्टीमवर गेम ठेवायला १०० डॉलर भरावे लागतात, एक हजार डॉलरची विक्री झाली की परत मिळतात. त्याची भीती बाळगू नका. भीती बाळगा ती पहिल्याच दिवशी किंमत खूप खाली ठेवण्याची. सेलमध्ये खाली येता येतं, वर चढणं अवघड. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' २०२१ च्या अखेरीस अपुऱ्या अवस्थेत २.९९ डॉलरला आला आणि पूर्ण झाल्यावर ४.९९ झाला, पण ते आधी सांगून, गेम वाढवून. त्याच्या मोबाइल आवृत्तीचा किस्सा शिकण्यासारखा आहे. नकलांनी फोनची दुकानं भरून गेली, तेव्हा खरा गेम डिसेंबर २०२२ मध्ये फोनवर फुकट आणला गेला. म्हणजे क्रॅकपेक्षा नकलेने जास्त ग्रासलं.

तुमच्यासारखेच, तेवढ्याच आवाक्याचे दहा गेम काढा, त्यांच्या डॉलरमधल्या किमती बघा आणि मधली धरा. भारताची किंमत स्वतंत्रपणे ठरवा. तुमचे बहुतेक पैसे बाहेरून येतील, पण पहिले बोलणारे लोक इथलेच असतील. क्रॅक निघाला तर एक संध्याकाळ वाईट वाटून घ्या आणि दुसऱ्या दिवशी चुका दुरुस्त करायला लागा. अपडेट लवकर लवकर आले की चोरीची प्रत आपोआप जुनी पडते.

पैसेच नाहीत. कायदेशीरपणे काय खेळू?

एपिक दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं. इच.आयओवर फुकट गेमचा खच पडलाय, आणि तिथले बंडल अफाट असतात. जून २०२० मधल्या वांशिक न्यायासाठीच्या बंडलमध्ये किमान पाच डॉलरला सतराशेहून जास्त गोष्टी होत्या, जमलेले ८० लाखांहून जास्त डॉलर दान गेले. घरात कुणाकडे स्टीमचं खातं असेल तर स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांपर्यंत गेम वाटून खेळता येतात.

जो गेम आता कुठेच विकत मिळत नाही, त्याचं काय?

कायदा बदलत नाही, पण माझं मत इथे मऊ होतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नाहीत. चाहत्यांनी ठेवलेल्या प्रती नसत्या तर त्यातले पुष्कळ नष्ट झाले असते. विकायलाच तयार नसलेल्याचं नुकसान कसं मोजायचं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पूर्वी चोरून खेळलो, आता कमावतोय. पैसे कसे पोचवू?

विकत घ्या, इतकंच. २०१० मध्ये चेक देशातल्या अमानिता डिझाइनने 'मशिनारियम' खेळणाऱ्यांपैकी ८५ ते ९५ टक्क्यांनी पैसेच दिले नाहीत असं सांगून 'चोरांना माफी' म्हणून सेल लावला होता, २० डॉलरचा गेम पाचला. हजारोंनी घेतला. आज माफीच्या सेलची वाट बघायची गरज नाही. इच.आयओवर ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम भरता येते. स्टीमवर पुष्कळ गेमचं संगीत वेगळं विकत मिळतं, तेही घेता येईल, किंवा प्रत मित्राला भेट देता येईल. आणि घेतल्यावर परीक्षण लिहा. दहा परीक्षणं जमेपर्यंत स्टीम गेमला 'सकारात्मक' वगैरे शेराच देत नाही. फक्त एक बघा, प्रत थेट स्टीमवर घ्या. बाहेरून आणलेल्या कीवर लिहिलेलं परीक्षण लोकांना दिसतं, पण त्या शेऱ्याच्या हिशोबात धरलं जात नाही.